वाफा क्रमांक २१४

नाव: दुर्सुन आलाकुश. वय: सत्तावन्न. पद: क्षेत्र सहायक, प्रथम श्रेणी. नेमणुकीचं ठिकाण: गहू संशोधन केंद्र, कोन्या पठार, तुर्कस्तान, कोरडवाहू विभाग. सेवा: एकतीस वर्षं, पैकी उपभोगलेली विशेष रजा अकरा दिवस (वडिलांचं निधन, सासऱ्यांचं निधन, दाढ). वर्तन: समाधानकारक. व्यसन: चहा. विशेष कौशल्य: हिवाळा सरल्यावर वाफ्यांत जिवंत उरलेल्या रोपांचं केवळ नजरेने मूल्यमापन. नोंदींची विश्वासार्हता: निर्विवाद. एकतीस वर्षांच्या नोंदवह्यांत आढळलेली खाडाखोड: एकही नाही. सबब, सदर कर्मचाऱ्यास हिवाळी गहू सुधारणा सहकार्याच्या वार्षिक बैठकीत, सदस्य देशांच्या प्रतिनिधींसमोर, पितळी सन्मानपट्ट देऊन गौरवण्यात यावं, अशी शिफारस करण्यात येत आहे.

ही शिफारस केंद्राच्या पैदासकार नेरिमान हानम, म्हणजे नेरिमानबाई, यांनी स्वतः टाइप केली होती, आणि वाचून खाली सही करावी म्हणून एक प्रत दुर्सुनच्या हातात दिली होती. दुर्सुनने ती कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून वाचली. मजकुरात चूक काढण्यासारखं फारसं नव्हतं. दाढ खरी होती. चहाही खरा होता, आणि तो समोर निवून चालला होता. खाडाखोडीच्या ओळीपाशी तो थांबला. ती ओळही अक्षरशः खरी होती, आणि नेमकी अडचण तीच होती.

त्या केंद्रात नोंदवहीचा एक नियम आहे. नोंद पेन्सिलीने करायची, कारण पावसात शाई पसरते. पण खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर चुकलेल्या आकड्यावर एक सरळ आडवी रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, त्यापुढे सही आणि तारीख. माणूस चुकणार हे केंद्राला मान्य आहे, फक्त त्याने ते लपवू नये एवढीच अपेक्षा. नव्या लोकांना हा नियम दुर्सुनच शिकवायचा, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत. "रेघेची लाज वाटून घेऊ नका," असं तो सांगायचा. त्याच्या स्वतःच्या वह्यांत मात्र रेघ नव्हती आणि याचं कौतुक असे.

त्याची नजर खरोखरच नाणावलेली होती. बर्फ वितळला की तो वाफ्यांमधल्या पायवाटेने मागे हात बांधून चालत निघे आणि न थांबता आकडे सांगत जाई: सात, चार, आठ, आठ, दोन. नऊ म्हणजे जवळजवळ सगळी रोपं जगली. शून्य म्हणजे एकही नाही. एका वर्षी नेरिमान हानमनी खात्री करायची म्हणून त्याच्या मागून दोरी लावून रोपं मोजली होती. तीनशे वाफ्यांत त्याचा आकडा दोनदा चुकला, तोही एकानेच. त्या दिवसापासून दोरी गोदामात पडून आहे.

गोष्ट घडली त्याला साडेचार वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही. गव्हाला थंडीत बर्फाची गोधडी लागते. ती मिळाली नाही आणि जानेवारीत तीन रात्री पारा उणे चोवीसवर जाऊन बसला. मार्चमध्ये शेत उघडं पडलं तेव्हा निम्मे वाफे टक्कल पडल्यासारखे दिसत होते. नवे वाण घडवणाऱ्या पैदासकारांसाठी असं साल म्हणजे पर्वणी. दहा वर्षांत एकदा असा हिवाळा येतो आणि कोण खरा, कोण खोटा ते सांगून जातो. नेरिमान हानम आतल्या टकलांमधून हसतमुखाने फिरत होत्या; रस्त्याकडचे वाफे त्यांनी दुर्सुनच्या नजरेवर सोडले होते.

दोनशे चौदा नंबरचा वाफा रस्त्याच्या तोंडावर होता, पाहुण्यांची बस थांबते तिथे. तो पूर्ण मेला होता. त्यातला वाण बल्गेरियाच्या स्तोयिल गांचेव यांनी पाठवलेला. गांचेव म्हणजे दुर्सुनच्या घरी तीनदा मान्ती, म्हणजे खिमा भरून उकडलेल्या चिमुकल्या करंज्या, जेवून गेलेला माणूस. आजीच्या गावाकडून शिकलेली मोडकी तुर्की बोलायचे, ताटात काही टाकायचे नाहीत आणि दुर्सुनच्या बायकोला, हाजेरला, प्रत्येक वेळी त्यातल्या पिठा-मसाल्याची मापं विचारायचे. ते त्या एप्रिलमध्ये शेवटचे येणार होते, उन्हाळ्यात निवृत्ती. हा त्यांचा शेवटचा संकर. आणि बसमधून पाय खाली ठेवल्याबरोबर त्यांना दिसणार ती त्याची ओसाड जागा.

पाहुण्याला रिकाम्या ताटावर बसवावं तसंच हे, असं दुर्सुनला वाटलं. आत, वाफ्यांच्या चौथ्या रांगेत मेला असता तर त्याची काही हरकत नव्हती. दारात मेला, ही त्याची हरकत.

पुढच्या शुक्रवारी दुपारी सगळं केंद्र नमाजाला गावात गेलं तेव्हा दुर्सुन मागे राहिला. शेताच्या पार पलीकडच्या कडेला, प्रयोगाला वारा लागू नये म्हणून, जुना गावठी गहू पेरलेला असतो. त्याला नंबर नसतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही आणि तो कधीही मरत नाही. तिथून दुर्सुनने फावड्याने मातीच्या ढेपांसकट ठोंब उचलले आणि ढकलगाडीतून आणून दोनशे चौदात लावले. वास्तविक पुढच्या दोन ओळी भरल्या असत्या तरी दर्शनापुरतं भागलं असतं. पण अर्धवट काम त्याला येत नसे. वाफ्याच्या सहाही ओळी भरायला दोन शुक्रवार लागले. दोन्ही शुक्रवारी त्याने हाजेरला सांगितलं की मशिदीतला खुतबा, म्हणजे प्रवचन, लांबला.

लबाडी करायची असा त्याचा इरादा नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो स्वतःला तेच सांगत असे. इतर सगळे आकडे त्याने वहीत भरले होते. दोनशे चौदासमोरची जागा कोरी ठेवली होती. पाहुणे गेले की तिथे शून्य लिहायचं, बस्स.

एप्रिलमध्ये बस आली. गांचेव उतरले, वाफ्याजवळ गेले, गुडघे टेकून खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले. पानाला हात लावला. मग मान वर करून दुर्सुनकडे पाहिलं. डोळे ओले होते. दुर्सुनने ते आनंदाचं पाणी समजलं. नेरिमान हानम पाहुण्यांना सांगत होत्या की असा हिवाळा सोसून उभं राहणं म्हणजे काय. सांगता सांगता त्यांनी वही चाळली.

"उस्ता, दोनशे चौदा राहिलाय."

"पुन्हा एकदा नीट बघून भरणार होतो, हानम."

"आता काय बघायचं? समोर तर आहे. लिहा, नऊ."

गांचेव अजून खालीच बसलेले होते. सगळे बघत होते. दुर्सुनने कानावरची पेन्सिल काढली आणि लिहिलं, नऊ. आकडा छान आला होता. त्याचं अक्षर मुळातच चांगलं.

एकदा लिहिलं की मग बाकीचं आपोआप होत गेलं. जुलैत त्या वाफ्याची कापणी त्याने स्वतः केली, धान्य वजन न करता पोत्यात भरून घरी नेलं आणि वहीत 'चिमण्यांनी खाल्लं' असं लिहिलं. महिनाभर हाजेरच्या कोंबड्या त्यावर माजल्या. पोत्याला बांधलेली २१४ ची चिठ्ठी तिने काढून त्याच्यासमोर धरली होती.

"कोंबड्यांना आंतरराष्ट्रीय गहू घालतोयस? अंडी आता पासपोर्टवर देतील."

तो हसला नाही. हाजेरने चिठ्ठी चुलीत टाकली आणि पुन्हा विषय काढला नाही. न विचारणं ही तिची पद्धत. त्याला तीच जास्त लागायची.

गांचेव यांचं मूळ बियाणं दक्षिणेच्या उबदार मैदानात वाढवलेलं होतंच. नऊ आकडा असलेला वाण म्हणून ते त्या शरद ऋतूत अठ्ठावीस ठिकाणी पाकिटांतून रवाना झालं. पुढचे हिवाळे सौम्य गेले, पीक उत्तम आलं. दोन थंड ठिकाणांहून वाण गारठून मेल्याची पत्रं आली. पण कोन्याची नोंद नऊ होती, तेव्हा तिथल्या थंडीचंच काहीतरी चुकलं असणार, असं ठरलं.

उझबेकिस्तानच्या टेकड्यांत, जिथे पाटाचं पाणी पोचत नाही, तिथल्या लहान केंद्रात ओयदिन नावाची बाई पैदाशीचं काम करत होती. तिने हा वाण तीन वर्षं तपासला आणि चौथ्या वर्षी, स्वतःच्या शब्दावर, एका गावाला दहा हेक्टरांवर पेरायला लावला. त्या जानेवारीत तिथे उणे सत्तावीस झालं. वसंतात गावाने नांगर घालून जव पेरला. चौकशी झाली. कोन्याच्या नोंदीप्रमाणे वाण थंडीला पक्का, म्हणजे पेरणीत खोट. ओयदिनला पैदाशीच्या कामावरून काढून धान्य तोलायच्या शेडमध्ये बसवलं. वरिष्ठांनी मेहेरबानी म्हणून शेवटची एक संधी दिली: ऑक्टोबरमध्ये कोन्याला जा, बैठकीत अहवाल वाच आणि पेरणी नीट शिकून ये.

ती आली त्याच आठवड्यात दुर्सुनच्या हातात शिफारसपत्र पडलेलं होतं.

चाळिशीची, रुंद खांद्यांची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेली. तिची उझबेक आणि दुर्सुनची तुर्की एकमेकींना अर्ध्याहून जास्त ओळखत होत्या. उरलेलं हातवाऱ्यांनी भागलं. पेरणीच्या आदल्या सकाळी नेरिमान हानमनी तिला दुर्सुनच्या हवाली केलं आणि म्हणाल्या की यांच्यापेक्षा चांगला गुरू मिळायचा नाही. ओयदिनने हिरव्या पुठ्ठ्याची वही उघडली.

"उस्ता, लहान मुलाला शिकवता तसं शिकवा. मला काही येत नाही असं धरून चाला."

दुर्सुनने शिकवलं. माती मुठीत दाबून कशी बघायची, बी किती खोल टाकायचं. बोट मातीत खुपसून त्याने दाखवलं: दोन पेरं. तिने लिहून घेतलं, खाली स्वतःच्या बोटाचं चित्र काढलं आणि पेरांवर खुणा केल्या. मग तिने आपलं बोट मातीत खुपसलं आणि तसंच ठेवून विचारलं, "एवढं?"

"एवढंच, पोरी."

"मी एवढंच टाकलं होतं. प्रत्येक ओळीत बोट घालून बघितलं. दहा हेक्टर." बोट तिने बाहेर काढलं नाही. "तारीखही बरोबर होती. म्हणजे चूक याहून बारीक असणार. तुमच्या लक्षात येईल ती. विचारायला लाजू नका, बियाण्याला ऊन लागलं होतं का, यंत्र कसं होतं, काहीही विचारा. घरी माझी मुलगी विचारते, आई, तू गहू मारलास म्हणतात ते खरं का."

दुर्सुनने विचारलं, यंत्र कसं होतं. तिने सांगितलं. त्याने बियाण्याचं विचारलं. तेही तिने सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, डॉक्टरकडे बघावं तशी. तो म्हणाला, विचार करून सांगतो. असलं काही सांगायला विचार लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिला नव्हतं, तिने वहीत लिहिलं: उस्ता विचार करून सांगणार.

दुपारी जेवताना त्याचे कान लाल झाले होते. एकतीस वर्षांत उन्हाने झाले नव्हते इतके. आजवर तो त्या वाफ्याकडे पाहुणचारातली एक जास्तीची वाढ म्हणून बघत आला होता. फार तर आगाऊपणा. आता त्या आगाऊपणाला एक बाई होती, तिची मुलगी होती आणि मातीत खुपसलेलं बोट होतं.

घरी जाऊन त्याने हाजेरला सगळं सांगितलं. ती भेंडीच्या माळा ओवत होती. हात थांबले नाहीत.

"खुतबा एवढा लांबत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, कुठे बाईबिई आहे. होती म्हणायची. फक्त चार वर्षांनी आली."

"गांचेवांचं नाव आहे त्या वाणावर. त्यांना न सांगता कसं बोलू?"

"तर मग सांग. फोन तिथे आहे."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याला मनातून वाटत होतं की गांचेव म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं, माझं म्हातारपणी नाव कशाला घालवतोस. मग गप्प बसायला त्याला एका मोठ्या माणसाचा आधार मिळाला असता.

गांचेवांचा आवाज बारीक झाला होता. आधी त्यांनी हाजेरची चौकशी केली, मग मान्तीची. दुर्सुनने एका दमात सगळं सांगून टाकलं: ढकलगाडी, दोन शुक्रवार, नऊ, कोंबड्या. पलीकडे कुठेतरी रेडिओ चालू होता.

"मला ठाऊक आहे," गांचेव म्हणाले.

"काय?"

"माझा गहू लहानपणी ताठ उभा असतो, दुर्सुन. तुझ्याकडे होता तो जमिनीला चिकटून पसरलेला. मी पंचवीस वर्षं त्याला वाढवलं. मला माझं पोर ओळखता येणार नाही? माती ओली होती, फावड्याच्या खुणा होत्या. एवढ्या सगळ्यांसमोर तू माझ्यासाठी ताट वाढलंस. ते मी कसं लोटणार? मला वाटलं, मी गेल्यावर तू शून्य लिहिशील."

"मलाही तेच वाटलं होतं."

"मग पाकिटं निघाली तेव्हा मी पत्र लिहायला बसलो. दोनदा बसलो. तुझ्या नोकरीचा विचार केला. आणि खोटं कशाला बोलू, नऊ हा आकडा मला आवडला होता." रेडिओ बंद झाला. "त्या बाईला किती मुलं आहेत?"

दुर्सुनने सांगितलं की एक मुलगी आहे, एवढंच त्याला माहीत आहे. गांचेव म्हणाले, माझं नावही घाल. दुर्सुन म्हणाला, वहीत एकच सही मावते. फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आतापर्यंत तो एकटा गप्प होता. आता कळलं की दोन सभ्य माणसं मिळून गप्प होती, एकमेकांचा मान राखत. आणि त्या मानाचा जव एका परक्या गावाने पेरला.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. ओयदिनने अहवाल वाचला. तिने लिहिलं होतं की नुकसान पेरणीतल्या त्रुटींमुळे झालं. त्या नेमक्या कोणत्या हे अद्याप समजलेलं नाही, पण शोध चालू आहे. लोकांनी सहानुभूतीने माना हलवल्या. मग नेरिमान हानम उठल्या. टेबलावर मखमली खोक्यात सन्मानपट्ट होता. त्यांनी शिफारस वाचायला घेतली. दाढेपाशी लोक हसले. खाडाखोडीपाशी टाळ्या सुरू झाल्या, आणि दुर्सुन उठून पुढे आला.

त्याच्या बगलेत साडेचार वर्षांपूर्वीची नोंदवही होती, गोदामातून सकाळीच काढलेली. त्याने ती सन्मानपट्टाच्या शेजारी उघडून ठेवली, पान सापडायला वेळ लागला नाही. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या आणखी थोड्या वाढल्या आणि मग विरत गेल्या. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि नऊवर एक सरळ आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी आकडा लिहिला. सही केली, तारीख घातली. सही मात्र त्याच्या इतर सह्यांसारखी आली नाही.

"हे काय, उस्ता?" नेरिमान हानम हळूच म्हणाल्या.

त्याने सांगितलं. भाषण करता येत नव्हतं, म्हणून वाफ्यांचे आकडे सांगतो तसंच न थांबता सांगितलं. कुठल्या शुक्रवारी किती ओळी भरल्या तेही सांगितलं. नऊ लिहा असं कोण म्हणालं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. दुभाषी सांगत होता ते लोकांच्या कानांत शिरायला क्षणभर उशीर होत होता. त्यामुळे प्रत्येक वाक्याची लाज त्याला दोनदा वाटली, एकदा बोलताना आणि एकदा चेहरे बदलताना.

नेरिमान हानमनी वही आपल्याकडे वळवली. "नऊ मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"हात माझा होता, हानम."

"साडेचार वर्षं. कुठल्याही दिवशी माझ्या दारात येऊन सांगू शकला असतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "आता अठ्ठावीस पत्रं लिहावी लागतील." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

ओयदिन उठून टेबलाजवळ आली होती. दुर्सुनला तिच्याकडे बघवत नव्हतं. तो म्हणाला, "पोरी, तू पेरलंस ते बरोबर पेरलंस. चूक त्याहून बारीक नव्हती. चूक इथे होती." तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, आभार मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. शिव्या त्याने मनात तयार ठेवल्या होत्या, ऐकून घ्यायला. तिने वाकून पान वाचलं, बोट ठेवून, ओळीने. मग आपली हिरवी वही उघडली, 'उस्ता विचार करून सांगणार' या वाक्यावर एक आडवी रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

"या पानाची नक्कल हवी," ती नेरिमान हानमना म्हणाली. "शिक्क्यासकट. शिक्का नसला तर आमच्याकडे कुणी मानत नाही."

नक्कल काढायला ऑफिसात यंत्र होतं, पण ते गरम व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ दुर्सुन आणि ओयदिन त्याच्या दोन बाजूंना उभे होते. कागद बाहेर आला. कारकुनाने शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला आणि वरच्या कोपऱ्यात नियमाप्रमाणे लिहिलं: सत्यप्रत.

वाफा २१४. जिवंत रोपं: शून्य.